जोतिबाच्या डोंगरातल्या ढोरवाटा : प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, कारण गेल्या तीन वर्षांत सापडलेल्या निम्म्या वाटा मी विसरलोय.

मला हवंय ते असं. राजारामपुरीतल्या घरातनं सायकलवर निघायचं आणि सायकलवरच परत यायचं. गाडीच्या टपावर सायकल बांधून दोन तास प्रवास करायचा नाही. सकाळी सहाला बाहेर, अकराच्या आत घरी. मधे किमान दहा किलोमीटर मातीची वाट पाहिजे, आणि तीही जीप जाते तसला कच्चा रस्ता नको. एका माणसाच्या रुंदीची पायवाट पाहिजे.

आर. के. नगर, मोरेवाडी, चित्रनगरीकडचा माळ मी दहा वर्षं मारला. माझं सायकलिंग तिथंच सुरू झालं. आता तिथं दर हिवाळ्यात प्लॉटचे नवे दगड रोवलेले दिसतात, ओळखीची वळणं कंपाउंडच्या आत जातात. कात्यायनीचा डोंगर जवळचा आणि सुंदर, पण तासाभरात संपतो. गगनबावडा, आंबा घाट पन्नास-साठ किलोमीटरवर, म्हणजे तो वेगळा दिवस झाला. राधानगरी अभयारण्य आहे, गव्यांचं घर आहे. तिथं सायकल घालायचा विचार करायचाच नाही.

उरतो वायव्येचा डोंगर. टोप-कासारवाडीच्या वरनं सादळे-मादळे, मग गिरोली, पोहाळे, आणि शेवटी वाडी रत्नागिरी म्हणजे जोतिबा. घरातनं वीसेक किलोमीटरवर हा सगळा पट्टा आहे. घाटातल्या डांबरी रस्त्यावरनं शेकडो वेळा गेलोय. पण डोंगराच्या पोटातनं या गावांना जोडणारी एखादी सलग वाट आहे का, हे मला माहीत नाही. ते या हंगामात शोधायचं.

सायकल: साधी हार्डटेल (धक्के झेलायची सोय फक्त पुढच्या चाकाला), पुढं 120 मिलिमीटरचा फोर्क, 29 इंची चाकं, 2.25 इंच रुंद टायर, ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नसलेले. आपल्याकडे ट्यूबलेसला पर्याय नाही. बाभळीचा काटा ट्यूबला कधीच सोडत नाही. टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं, ते मात्र आठवणीनं भरत राहावं लागतं.

13 ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. आज पहाटे भाच्याला घेऊन निघालो. तो अकरावीत आहे, माझी जुनी सायकल आता त्याची. बावड्यातनं शियेच्या पुलावर पंचगंगा ओलांडली, भुयेच्या शिवारात उसातल्या पाणंदीला लागलो आणि शंभर पावलांत थांबलो.

परतीचा पाऊस चार दिवसांपूर्वी झालेला. काळी माती टायरला चिकटली, तिच्यावर पाचट चिकटलं, त्यावर परत माती. फोर्क आणि टायरच्या मधली जागा अशी गच्च भरली की चाकच फिरेना. सायकल उचलायला गेलो तर वजन दुप्पट. काठीनं उकरत बसलो होतो, तेवढ्यात उसाला पाणी पाजायला आलेले एक काका थांबले.

"वाफसा कुठं आलाय अजून?" ते म्हणाले. "आणि आठ दिस थांबा की. आत्ता गेला तर तुमची सायकल बी जाईल आणि आमची पाणंद बी."

वाफसा! वाट कधी चालवायची आणि कधी नाही, हे सांगायला इतकी वर्षं मी शब्द शोधत होतो, आणि तो आजोबांच्या तोंडी रोज होता. माती ना चिखल ना धूळ. मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटानं टोचलं की फुटतो. पेरणीला जी माती योग्य, तीच टायरला योग्य. अशा मातीत टायर धरतो, वळणावर घसरत नाही आणि मागं चरही पडत नाही. ओल्या वाटेवर पडलेला टायरचा चर मात्र पुढच्या पावसाचं पाणी वाहून न्यायला लागतो. दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते.

डोंगराची माती खालून वर बदलत जाते, तीही नोंदवतो. तळाला काळी, तिला वाफसा यायला सगळ्यांत उशीर. मधल्या उतारावर मुरूम, पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत चालतो. त्याच्या वर काळ्या कातळाचे टप्पे, तिथं वाळल्यावर पकड उत्तम, शेवाळ असताना जीवघेणं. पन्हाळा-मसाईकडे माथ्यावर जांभा.

20 ऑक्टोबर, रविवार

आज नियम मोडला. भाच्याच्या हट्टापायी गाडीनं पन्हाळ्यापर्यंत गेलो आणि तिथनं म्हाळुंग्याच्या बाजूनं मसाई पठारावर. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ते याच अंगानं. दर पावसाळ्यात हजारो लोक त्या वाटेनं पावनखिंडीपर्यंत चालत जातात.

पठार म्हणजे सायकलवाल्याला स्वप्न वाटावं असं. सपाट, उघडं, नजर पोचेल तिथपर्यंत गवत, आणि वारा असा की चालती सायकल आडवी ढकलतो. भाचा मोकळ्या सड्यावर सायकल घालायला निघाला. मी त्याला थांबवून खाली बसवलं. जांभ्यावर मातीचा थर बोटभर-दोन बोटं, त्याच्या खाली सरळ दगड. त्या दोन बोटांत तेरडा, सोनकी आणि कितीतरी बारकी झुडपं अजून उभी होती. तिथं एकदा टायर फिरला की माती वाऱ्यानं आणि पावसानं जाणार, आणि ती परत यायला आमची हयात पुरणार नाही.

"मग मामा, इतक्या जीपगाड्या कशा फिरत्यात?"

त्याचं बरोबर होतं. जीपच्या चाकोऱ्या सगळीकडे पसरलेल्या होत्या, एक खराब झाली की शेजारनं दुसरी. मी एवढंच म्हणालो की त्यात आपली भर नको. मळलेल्या गाडीवाटेवरनंच मसाईच्या देवळापर्यंत गेलो, पाया पडलो, परत आलो.

मसाई या प्रकल्पात नाही. ती जागा राखीव जाहीर झालेली आहे, आणि नसती तरी माझा निर्णय हाच असता.

23 ऑक्टोबर, बुधवार, रात्री

नकाशाचं काम. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे आता त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, पण माझ्याकडे जुन्या 47 एल/1 या शीटची प्रत आहे. जोतिबा, पन्हाळा, मसाई सगळं त्यात येतं. उंचीच्या रेघा वीस-वीस मीटरच्या. जुन्या शीटचा फायदा असा की तेव्हाच्या पायवाटा आणि गाडीवाटा त्यावर तांबड्या तुटक रेघांनी दाखवलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आज उपग्रहाच्या चित्रात दिसतच नाहीत.

उपग्रहाचं चित्र बघताना महिना बघावा लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या चित्रात सगळा डोंगर एकसारखा हिरवा, काहीही सापडत नाही. मार्च-एप्रिलचं चित्र उघडलं की वाळलेल्या गवतात वाटा पांढऱ्या दिसतात. जुनी चित्रं साल बदलून बघता येतात. आज तीन तास बसून सात तुकडे काढले. सादळ्यापासून गिरोलीच्या वरपर्यंत बऱ्यापैकी सलग. तिथनं पोहाळ्याच्या लेण्यांच्या बाजूला येताना सव्वा किलोमीटर कोरं. जुन्या शीटवर तिथं तुटक रेघ आहे, चित्रात फक्त झुडपं.

10 नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद मोठी होणार.

सादळ्याच्या वर पहिल्या तुकड्यावर गेलो होतो. वाट मिळाली, आणि इतकी छान की मी दोनदा खाली येऊन परत वर गेलो. सलग चढ, पण कुठंही उतरून ढकलायला लागलं नाही. डोंगर उजव्या हाताला, दरी डाव्या हाताला, आणि वाट दोघांच्या मधनं आडवी जातेय. मुरमाला वाफसा होता. टायरचा आवाजसुद्धा वेगळा येत होता, कागद फाडल्यासारखा.

वर एका पिंपरणीखाली एक आबा बसलेले. सात-आठ शेरडं, एक म्हैस, खांद्यावर घोंगडं. मी रामराम घातला.

"कुठनं आलायसा?"

"कोल्हापुरातनं."

"सायकलवर? आणि हितं वर कशाला?"

मी सांगितलं की वाटा शोधतोय. आबांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांनी काठीनं मातीत रेघ ओढली. ही आपण बसलोय ती. ही खालची, पाण्याला जायची. ही वरची, पावसाळ्यातली, खाली गाळ झाला की इकडनं न्यायची. नकाशावर मला सात तुकडे मिळाले होते, आबांनी पाच मिनिटांत अकरा वाटा काढल्या.

मग मी विचारलं की ही वाट इतकी सोपी कशी चढते. शेजारीच लाकूडफाट्याला जाणाऱ्यांची एक पायवाट होती, नाकासमोर सरळ चढणारी, तिची पार गुडघाभर खोल घळ झालेली. आबा हसले.

"माणूस घाईत असतोय, सरळ जातंय. गाभण म्हस सरळ उतरत न्हाई. तिला आडवंच न्यायला लागतंय. आमच्या आज्या-पणज्यानं म्हसरं नेली तशी वाट पडली."

सायकलच्या वाटा बांधणारे लोक जगभर एक नियम पाळतात: डोंगराचा उतार असेल त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको, म्हणजे पाणी वाटेवरनं न वाहता वाट आडवी ओलांडून खाली जातं. शंभर मीटरला सरासरी दहा मीटरच्या आत चढ. हे मी पुस्तकात वाचून पाठ केलं होतं. घरी येऊन आजच्या वाटेचा आलेख काढला, तर शंभराला आठ ते नऊ. गाभण म्हशीनं हे गणित आधीच सोडवून ठेवलंय.

निघताना मी गिरोलीच्या पुढच्या कोऱ्या तुकड्याबद्दल विचारलं.

"हाय की वाट. व्हती म्हणा. आता कोण नेतंय म्हसरं डोंगराला? गोठ्यातच वैरण टाकत्यात, पेंड घालत्यात, दूध संघाला. पोरं कामाला एमआयडीसीत. घाणेरी माजलीया तिथं. मी लगीन झाल्यावर गेलो असंन शेवटचा."

गावात म्हशी कमी झालेल्या नाहीत, दूधही कमी झालेलं नाही. त्यांचं डोंगरावर जाणं तेवढं थांबलंय. म्हणजे ज्या वाटा मी शोधतोय त्या मी शोधत असतानाच मिटतायत. हे मला आज पहिल्यांदा कळलं, आणि परतीच्या उतारावर वेग घ्यावासा वाटला नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

अपघात. मला लागलं नाही, सायकलला लागलं.

पोहाळ्याच्या बाजूनं उलटा शोध घेत होतो. झुडपातनं वाट काढताना एक वाळकी फांदी मागच्या चाकात गेली, डिरेलर, म्हणजे गियर बदलताना चेन हलवणारा भाग, ओढला गेला आणि हँगर तुटला. हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर अडकवणारा बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम मऊ बनवलेला असतो, म्हणजे धक्का बसला की तो तुटतो आणि फ्रेम वाचते. पण प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा. माझ्याकडे जादा होता. ज्या दुकानातनं दोन महिन्यांपूर्वी घेतला त्यांनी "हाच बसतो" म्हणून दिलेला, पाकीट मी उघडलंच नव्हतं. आज उघडलं तर भोकं जुळेनात. दुकानाची चूक खरी, पण घरी एकदा लावून बघायचं काम माझं होतं.

शेवटी चेन तोडून आखूड केली, मधल्या एका चक्रावर सरळ बसवली आणि एका गियरवर निघालो. चढाला ढकलत, उताराला बसून. खाली शिवारात गुऱ्हाळ लागलं. चुलवाणात चिपाडं पेटलेली, काहिलीत रस उकळत होता. हात काळेकुट्ट, तोंडावर धूळ, माझी अवस्था बघून गुळव्यानं काही न विचारता तांब्याभर रस दिला. मग काहिलीच्या कडेची कोमट काकवी एका उसाच्या कांड्यावर घेऊन हातात दिली.

"गाडी लावून देऊ काय कोल्हापूरला?" त्यांनी विचारलं. उसाचा ट्रॅक्टर जाणारच होता. मी नको म्हणालो. सायकलवर निघून सायकलवर परत यायचं ठरवलंय, तर मोडकी सायकल धरूनही तेच करायचं. घरी पोचायला दोन वाजले.

यादीत भर: योग्य हँगर, लावून तपासलेला. चेन ब्रेकर होता म्हणून आज वाचलो, दोन जादा लिंक अजून ठेवायच्या.

1 डिसेंबर, रविवार

सायकल नाही, कागद. वाट कुणाच्या जमिनीतनं जाते हे बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं भाच्याच्या आईनं म्हणजे माझ्या ताईनं बजावलं. ती तलाठी कार्यालयात कामाला होती, तिला हे बरोबर कळतं. गटनिहाय नकाशा आणि सातबारा दोन्ही सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. गट नंबर काढत गेलो. काही तुकडे वनविभागाचे, काही गायरान, चार ठिकाणी खाजगी पड जमीन, एका ठिकाणी काजूची नवी बाग.

वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात शुक्रवारी जाऊन विचारलं होतं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मळलेल्या वाटेनं दिवसा ये-जा करा, पण वनात कोयता चालवायचा नाही, एक फांदीसुद्धा नाही. हे मला पटलं. घाणेरी तोडायची तर फक्त खाजगी पडीत, मालकाला विचारून.

8 डिसेंबर, रविवार

पोहाळ्याकडच्या दोन मालकांनी हो म्हटलं. एकानं तर स्वतःचा कोयता दिला, आमचा बघून म्हणाला, "ह्यानं लिंबू कापा." मी, भाचा आणि त्याचे दोन मित्र, सकाळी सातपासून अकरापर्यंत. घाणेरी वरनं छाटली की दुप्पट जोमानं येते, बुडातनं उपटावी लागते, आणि पानाफांद्यांचे बारके काटे हातमोज्यातनंही लागतात. चार तासांत साठ पावलं. साठ! पण त्या साठ पावलांखाली वाट होती. मुळं काढली की खालचा मुरूम दाबून बसलेला, इतका घट्ट की कुदळ वाजत होती. किती वर्षांची खुरं त्यावरनं गेली असतील.

29 डिसेंबर, रविवार

आणखी चाळीस पावलं. दोघेच होतो.

12 जानेवारी 2025, रविवार

कुसळं. गवत वाळलंय आणि मोज्यांत, बुटाच्या नाड्यांत, चड्डीच्या शिवणीत कुसळं घुसतात, टोचत टोचत आत जातात. घरी आल्यावर तासभर चिमट्यानं काढत बसलो. भाच्यानं मोजली, एका मोज्यात एकशे बारा. पुढच्या वेळी पोटरीपर्यंतचं गुळगुळीत कापड घालायचं. लोकरी मोजा अजिबात नको.

सादळे ते गिरोली तुकडा आता पाठ झालाय. 6.4 किलोमीटर, तीन ठिकाणी कातळाचे टप्पे. मधला टप्पा मी अजून बसून उतरलेलो नाही, भाचा उतरतो.

16 फेब्रुवारी, रविवार

काल रात्री डोंगर जळला.

सकाळी घाटातनं वर आलो तेव्हा वास आधी आला, मग दिसलं. गिरोलीच्या पलीकडची पूर्ण सोंड काळी. दोन-तीन ठिकाणी बुंधे अजून धुमसत होते. वनविभागाची माणसं आणि गावातली पोरं रात्रभर ओल्या फांद्यांनी झोडपत होती, त्यातले काही रस्त्याच्या कडेला तसेच झोपलेले. कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं आणि वारा सुटला, एवढंच कारण. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी, काढलेली होती म्हणून पलीकडची झाडी वाचली. काळ्या उतारावर चंडोलाची एक जोडी सारखी एकाच जागेवर उतरत होती, उडत होती, परत उतरत होती. तिथं घरटं असणार.

मी आणलेलं पाणी आणि बिस्किटं त्या पोरांना दिली, आणि समोरच्या सोंडेकडे बघत उभा राहिलो. थोड्या वेळानं मला वाटा दिसायला लागल्या.

गवत आणि घाणेरी जळून गेली होती आणि काळ्या राखेवर मळलेल्या वाटांचा मुरूम फिकट उरला होता. एकाखाली एक, पाच रेघा, सगळ्या आडव्या, डोंगराच्या पोटाला धरून गेलेल्या. जुन्या शीटवरची तुटक रेघ, आबांनी काठीनं ओढलेली रेघ, ती तिथं समोर होती. वरनं तिसरी. पोहाळ्याच्या बाजूला आमची शंभर पावलं जिथं संपत होती, बरोबर तिथं जाऊन ती टेकत होती.

फोटो काढले. हात थरथरत होते. तीन महिने जे शोधत होतो ते मिळालं, आणि ते ज्यामुळं मिळालं ते परत कधी होऊ नये असं मनापासून वाटत होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

23 फेब्रुवारी, रविवार

आबांना घरी जाऊन भेटलो, फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. मग एकेका रेघेवर बोट ठेवत सांगायला लागले. आजींनी चहा आणला, त्याही बघायला बसल्या.

"ही तिसरी म्हंजी माझ्या माहेरची वाट," आजी म्हणाल्या. त्या पोहाळ्याच्या. "पंचमीला ह्याच वाटेनं जायची मी. डोक्यावर बोचकं आणि काखंत पोरगं."

इतके दिवस मी तिला म्हसरांची वाट म्हणत होतो. त्या वाटेवरनं सासुरवाशिणी गेल्यात, बारसी-लग्नं गेलीत, आजारी माणसं झोळीतनं गेलीत. आजींनी मला वाटेतल्या दोन खुणा सांगितल्या: एक खोलगट दगड, ज्यात पावसाचं पाणी साठतं आणि दिवाळीपर्यंत टिकतं, आणि एक जागा जिथं बसल्यावर खाली कोल्हापूर दिसतं.

दुपारी सायकल न घेता तिसरी वाट चाललो. दोन्ही खुणा सापडल्या. मधे फक्त काजूच्या बागेचं तारेचं कुंपण आडवं आलं. मालकाला फोन केला. ते म्हणाले, कुंपण तोडायचं नाही, पण वरच्या कोपऱ्यात बांधावरनं जावा, तिथं मी दोन दगड रचून पायरी करतो. सायकल उचलून घ्या. पुरेसं आहे.

9 मार्च, रविवार

पहिला पूर्ण फेरा.

5:50 ला घर. बावडा, शिये, टोपकडून कासारवाडी. खडीच्या डंपरांमुळं हा भाग सातच्या आत पार केलाच पाहिजे. सादळ्याच्या वर 7:20 ला मातीला लागलो. सादळे ते गिरोली, गिरोली ते पोहाळे, दोन्ही तुकडे जोडून सलग 11 किलोमीटर माती. टायरमध्ये हवेचा दाब 23 पीएसआय. यापेक्षा जास्त हवा असली की कातळावर चाक उड्या मारतं. खाली कुशिरे, निगवे, भुये करत परत शियेचा पूल. घरी 11:10. एकूण 49 किलोमीटर, घड्याळानं चढ 740 मीटर दाखवला.

नव्या वाटेवर दोघेच गेलो आणि सावकाश. जळालेला उतार पावसापर्यंत उघडाच राहणार, वाटेचा तळ घट्ट असला तरी कडेची माती सुटी आहे. कुणालाही घेऊन जायचं नाही, असं ठरवलं.

कातळाचा मधला टप्पा आज बसून उतरलो. पुढचं चाक कडेवरनं खाली जाताना पोटात खड्डा पडतो, नजर लांब ठेवायची आणि ब्रेक सोडायचा, एवढंच. भाचा खाली उभा राहून ओरडत होता, "सोड मामा, सोड!"

आजींच्या जागेवर बसून भडंग खाल्लं. धुक्यातनं कोल्हापूर खरंच दिसतं.

6 एप्रिल, रविवार

येत्या शनिवारी, 12 तारखेला चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. आजच गायमुखाच्या पायऱ्यांवर चालत जाणाऱ्यांची रांग होती, सासनकाठ्या घेऊन गावंच्या गावं निघालेली. पायऱ्यांच्या कडेची माती गुलालानं गुलाबी. एका दहा-अकरा वर्षांच्या पोरीनं माझ्या सायकलच्या हँडललाही गुलाल लावला, "चांगभलं!" म्हणाली. मीही म्हणालो.

यात्रा संपेपर्यंत या बाजूला सायकल नाही. एरवीही रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळं गायमुखाच्या पायऱ्या फेऱ्यात कधीच घ्यायच्या नाहीत. चढणाऱ्याच्या अंगावर सायकल उतरवणं मला मान्य नाही.

11 मे, रविवार

वळीव झाला. दोन दिवसांनी, वाफसा बघून वर गेलो, वाटेवरनं पाणी कसं गेलंय ते तपासायला. अकरा किलोमीटरमध्ये फक्त दोन ठिकाणी पाणी वाटेवरनं वाहिलंय, दोन्ही जागा आमच्याच, जिथं आम्ही घाणेरी उपटताना कडेची माती आत ओढली होती. फावड्यानं बाहेरच्या बाजूला उतार दिला. बाकी जुन्या वाटेला काही झालेलं नाही.

तिसऱ्या वाटेवर, जळालेल्या भागात, कोवळं गवत फुटलंय. आणि ओल्या मुरमात खुरांचे ठसे. मोठे, दोन फाकांचे. गवा की म्हैस म्हणून मी खाली वाकलो. शेजारी चपलेचा ठसा होता आणि काठीचं भोक. आबा म्हैस घेऊन इकडं आले होते.

25 मे, रविवार

काल मान्सून केरळात पोचला, 2009 नंतर पहिल्यांदाच इतक्या लवकर. इथं तर आठवडाभर पाऊस आधीच लागलाय. जून उजाडेपर्यंत तीन-चार फेरे मिळतील असं धरलं होतं, ते गेले.

इंटरनेटवरच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या नकाशावर सादळे ते गिरोली तुकडा टाकला, जून ते ऑक्टोबर बंद अशी नोंद करून. काजूच्या बागेतनं जाणारा भाग टाकलेला नाही, ज्याला जायचंय त्यानं आधी मालकाला फोन करावा म्हणून. घाणेरीचं काम दिवाळीनंतर परत सुरू करायचं. अजून दोन मालकांशी बोलायचंय.

संध्याकाळी आबांचा फोन आला. मागं पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यांना मोठ्यानं बोलायला लागत होतं.

"यायचं न्हाई बरं का आता," ते म्हणाले. "वाट मोडंल. वाफसा आला की सांगतो मी."